बाग कुणासाठी, हे मुलांनाही विचारू या! (परिसर अभ्यास : एक प्रत्यक्ष पाठ)



आजचा लेख इयत्ता चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यासाशी जोडलेला आहे. विषय रोजचाच आहे : आपल्या वस्तीतली बाग आणि तिथपर्यंत जाणारी पायवाट. ती कुठे असावी, कशी असावी, हे कोण ठरवतं आणि कुणाला विचारून ठरवतं? हा पाठ मी वर्गात दोनदा घेतला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा बराचसा जमला. दोन्ही वेळचं सांगते, म्हणजे तुम्हाला सरळ दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करता येईल.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या शहरातल्या एका बागेचं नूतनीकरण होणार असं कळलं. बाग शाळेपासून सात-आठ मिनिटांच्या अंतरावर. मला वाटलं, छान संधी आहे. मी मुलांना कोरे कागद दिले आणि फळ्यावर लिहिलं, 'माझ्या स्वप्नातील बाग'. ४१ चित्रं आली. इंद्रधनुष्य, कारंजी, हत्तीच्या सोंडेची घसरगुंडी, तळ्यात बदकं! पालकसभेच्या दिवशी सगळी चित्रं व्हरांड्यात लावली. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही खूश.

पहिला नंबर पाचवीतल्या एका मुलीचा आला होता. सभा संपल्यावर मी तिला सहज विचारलं, "तू रोज जात असशील ना गं बागेत?"

"नाही बाई. चौथीनंतर गेलेच नाही."

"का गं?"

"तिथं संडासला कुलूप असतं. मोकळ्या जागेत मोठी पोरं क्रिकेट खेळतात. आई म्हणते, एकटी जाऊ नकोस."

"मग हे चित्रात का नाही काढलंस?"

"तुम्ही स्वप्नातली बाग काढायला सांगितली होती ना!"

तिचं उत्तर बरोबर होतं, माझा प्रश्न चुकला होता. ज्या बागेत ती जातच नाही, त्या बागेचं सुंदर चित्र मी तिच्याकडून काढून घेतलं आणि त्याला बक्षीसही दिलं. तिची खरी अडचण मात्र व्हरांड्यात कुठेच लागली नाही. पुढच्या वर्षी मी हाच पाठ वेगळ्या प्रश्नापासून सुरू केला. तो कसा, हे सांगण्याआधी थोडी माहिती आपण शिक्षक-पालकांनी करून घेऊ.

बाग ठरते कशी?

मुलांना वाटतं, बाग कोणीतरी 'बांधतं'. खरं तर बाग आधी नकाशावर उमटते. आपल्या राज्यात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार प्रत्येक शहराचा विकास आराखडा तयार होतो. त्यात रस्ता, शाळा, दवाखाना, बाग, खेळाचं मैदान यांसाठी जागा राखून ठेवतात. यालाच आपण 'आरक्षण' म्हणतो. आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की ठराविक मुदतीत कोणीही नागरिक लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो. त्यावर सुनावणी होते.

याचा काही उपयोग होतो का, असं पालक विचारतात. होतो. मुंबईच्या आराखड्याचा मसुदा २०१५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा लोकांनी इतक्या हरकती घेतल्या की शासनाला तो दुरुस्त करून पुन्हा तयार करायला सांगावं लागलं.

उलटही घडतं. नकाशावर बाग आहे, पण दहा वर्षांत ती जागा ताब्यातच घेतली नाही, तर जागेचा मालक कायद्याप्रमाणे नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत काही हालचाल झाली नाही, तर ते आरक्षण संपतं. म्हणजे कोणी लक्ष ठेवलं नाही, तर बाग कागदावरच जन्मते आणि कागदावरच संपते.

आराखडा झाला की पुढे रोजची कामं येतात. बाक, दिवे, स्वच्छतागृह, फाटकाची वेळ, फूटपाथची दुरुस्ती. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिका-महापालिकांना जी कामं जोडून दिली, त्या यादीत उद्यानं आणि क्रीडांगणं आहेत. म्हणून यासाठी मंत्रालयात जावं लागत नाही. आपल्या नगरपालिकेत किंवा क्षेत्रीय कार्यालयात जायचं.

पुण्याचं उदाहरण

मी डी.एड. पुण्यात केलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही मैत्रिणी वेताळ टेकडीवर जायचो. तिथल्या बऱ्याच पायवाटा कोणी आराखडा करून बांधलेल्या नाहीत, वर्षानुवर्षं माणसं चालून चालून त्या झाल्या आहेत. पुणेकरांचा या टेकड्यांवर जीव आहे. १९९७ मध्ये शहरात आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण राहावं, म्हणून नागरिकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. वेताळ टेकडीतून जाणाऱ्या प्रस्तावित रस्त्यावरूनही शहरात दोन मतं आहेत. वाहतूक सुटेल म्हणून काहींना रस्ता हवा आहे, टेकडी आणि झाडं जातील म्हणून काहींचा विरोध आहे. वर्गात हे सांगताना मी दोन्ही बाजू सांगते. मुलांनी विचार करावा, माझं मत पाठ करू नये.

पुण्याच्या आणखी तीन गोष्टी आपल्या पाठाला उपयोगी आहेत.

१) पुणे महानगरपालिकेने २००६ मध्ये नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवू देण्याची पद्धत सुरू केली. आपल्या भागातली लहान कामं, म्हणजे फूटपाथ, बाक, दिवे अशी, नागरिक अर्ज भरून सुचवतात.

२) २०१६ मध्ये याच महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं. चालणाऱ्या माणसाचा रस्त्यावर आधी विचार व्हावा, हे शहराने लिहून मान्य केलं.

३) 'अर्बन ९५' नावाच्या उपक्रमात पुणे सहभागी झालं. ९५ सेंटिमीटर म्हणजे साधारण तीन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची. तेवढ्या उंचीवरून शहर पाहिलं तर कसं दिसेल, हा या उपक्रमाचा साधा प्रश्न आहे. यावरूनच मी वर्गात एक कृती घेतली, ती पुढे येईल.

विचारणं आणि विचारल्यासारखं करणं

शेरी अर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या पायऱ्यांवर लोकांना नुसतं गुंडाळलं जातं, मधल्या पायऱ्यांवर माहिती दिली जाते, मत घेतलं जातं, पण निर्णय दुसरेच करतात. वरच्या पायऱ्यांवर लोकांच्या हाती खरोखर काही अधिकार येतो. पुढे रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना हीच कल्पना मुलांना लावली. त्यांच्या शिडीवर खालून दुसरी पायरी आहे 'शोभेपुरता सहभाग'. मुलं कार्यक्रमात दिसतात, गाणी म्हणतात, चित्रं काढतात, पण विषय काय आहे आणि आपल्या मताचं पुढे काय होणार, हे त्यांना माहीत नसतं.

हे वाचताना मला माझी ४१ चित्रं आठवली. माझी स्पर्धा नेमकी याच पायरीवर होती!

मुलांना विचारणं ही आपली हौस नाही, हे पालकांनीही लक्षात घ्यावं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२वं कलम सांगतं की मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत ऐकून घेतलं पाहिजे. ३१वं कलम खेळण्याच्या हक्काचं आहे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला.

पाठाचं नियोजन (८ तासिका)

पूर्वतयारी : मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांचं संमतिपत्र, बाहेर पडताना शिक्षकांखेरीज किमान दोन मोठी माणसं, पाण्याच्या बाटल्या. ऊन चढायच्या आत परत यायचं.
साहित्य : मीटर टेप, खडू, सुतळी, रंगीत टिकल्यांची पाकिटं, जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे कागद.

तासिका १ : माझ्या वाट्याला किती जागा?
व्हरांड्यात खडूने १ मीटर × १ मीटरचा चौरस काढा. शेजारी २ मीटर × ५ मीटरचा आयत काढा. नगररचनेच्या २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी, म्हणजे साधारण तो आयत. आता एकेक मूल आधी चौरसात आणि मग आयतात उभं करा. दोरीच्या उड्या मारायला सांगा. फरक समजावून सांगावा लागत नाही. नंतर गणित : आपल्या वर्गात ३० मुलं असतील तर माणशी १० प्रमाणे किती जागा लागेल? आपलं मैदान तेवढं आहे का? मोजू या.

तासिका २ : घर ते बाग नकाशा
प्रत्येकाने घरापासून बागेपर्यंतचा रस्ता आठवून काढायचा. दिशा आणि सूची हवीच. मग टिकल्या लावायच्या. हिरवी टिकली म्हणजे इथे मला बरं वाटतं, लाल म्हणजे भीती वाटते, पिवळी म्हणजे इथे थांबावं लागतं. पाठाचा खरा प्रश्न हाच : 'तुम्ही कुठे जाता, कुठे जात नाही आणि का?' स्वप्नाबद्दल एक शब्दही विचारायचा नाही.

तासिका ३ : ९५ सेंटिमीटरवरून
मुलांनी सुतळीला ९५ सेंटिमीटरवर गाठ मारायची आणि तेवढ्या उंचीवर डोळे आणून, म्हणजे वाकून किंवा गुडघ्यांवर बसून, शाळेच्या फाटकाबाहेरचा रस्ता पाहायचा. काय दिसतं? आमच्या मुलांनी लिहिलं, 'मोटारसायकलचे सायलेन्सर', 'गटाराचं तुटलेलं झाकण', 'कठड्यामुळे पलीकडचं काहीच नाही'.

तासिका ४ : फूटपाथ मोजू या
इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. मोकळी रुंदी म्हणजे खांब, विजेचा डीपी, टपरी आणि लावलेल्या गाड्या वगळून उरलेली. मुलं टेप घेऊन मोजतात आणि तक्त्यात लिहितात. पाचवीसाठी एक गणित : चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण १ ला १२ असावं लागतं. कड १५ सेंटिमीटर असेल तर उतार किती लांब हवा? (१५ × १२ = १८० सेंटिमीटर.) हे उत्तर जमिनीवर खडूने काढून दाखवा.

तासिका ५ : किती पावलं?
सेसिल कोनाइनेंडाइक या वृक्षतज्ज्ञांनी २०२१ मध्ये एक लक्षात ठेवायला सोपा नियम मांडला : घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची सावली असावी आणि हिरवी जागा ३०० मीटरच्या आत असावी. मुलाचं पाऊल अर्ध्या मीटरचं धरलं तर ३०० मीटर म्हणजे ६०० पावलं. प्रत्येकाने पालकांबरोबर घरापासून ६०० पावलं चालायची आणि तिथे काय आहे ते लिहायचं.

तासिका ६ : बागेतली मोजणी
वेगवेगळ्या वेळी, मोठ्यांच्या सोबतीने, अर्धा तास. रकाने : लहान मुलं, मुलगे, मुली, बायका, पुरुष, आजी-आजोबा. ताळ्याच्या खुणा करायच्या, वर्गात स्तंभालेख काढायचा.

तासिका ७ : मुलाखत आणि बैठक
बागेत नेहमी येणाऱ्यांना तीन प्रश्न : तुम्ही केव्हा येता? काय आवडतं? काय अडतं? आणि एक प्रश्न घरी, न येणाऱ्यांना : तुम्ही का येत नाही? हा चौथा प्रश्न विसरू नका. बागेत जाऊन विचारलं तर बागेत न येणारा माणूस भेटणारच नाही.

तासिका ८ : पत्रलेखन
मागणी, कारण, पुरावा (मोजमाप, आलेख, नकाशा) आणि 'कृपया लेखी उत्तर द्यावे' ही ओळ. पत्र दोन प्रतींत न्यायचं आणि एका प्रतीवर पोच घ्यायची.

आम्हाला काय सापडलं?

मोजणीच्या तक्त्यात संध्याकाळी मुलग्यांच्या रकान्यात खुणांची गर्दी होती. मोठ्या मुलींचा रकाना जवळपास रिकामा. वर्गातल्या मुलांनाच आश्चर्य वाटलं. एक मुलगा म्हणाला, "बाई, त्यांना खेळायला आवडत नसेल." मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "आवडतं रे! पण जागा कुठाय?"

हे काही आमच्याच शहरात घडतंय असं नाही. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात अशीच पाहणी झाली. वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेतून झपाट्याने कमी होतात, असं तिथे दिसलं. मोकळी जागा एकच असली की तिथे मुलगे खेळतात आणि मुली जागेसाठी भांडत बसण्यापेक्षा निघून जातात. म्हणून १९९९ मध्ये दोन बागांची रचना बदलून पाहिली. मोठी सलग जागा लहान भागांत विभागली, पायवाटा सुधारल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनसाठी जागा केल्या. मुली परत येऊ लागल्या. कोणालाही हाकलून न देता, नुसती मांडणी बदलून हे झालं. माझ्या वर्गात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ज्यांची जागा जाईल अशी भीती वाटत होती, ते मुलगेही शांत झाले.

नकाशांवरच्या लाल टिकल्याही बोलक्या होत्या. बहुतेक सगळ्या एकाच ठिकाणी, बागेजवळच्या वळणावर जमल्या होत्या. तिथला दिवा बंद होता आणि फूटपाथवर गाड्या लावलेल्या असायच्या. हिरव्या टिकल्या मात्र आम्हाला अपेक्षित नव्हत्या तिथे निघाल्या : बागेच्या मागच्या बाजूला, ओढ्याकाठच्या मातीच्या वाटेवर. मुलं म्हणाली, तिथं सावली असते, गाड्या नसतात आणि जांभळं पडतात. नूतनीकरणाच्या आराखड्यात ही वाट नव्हतीच. बागेच्या आत गोल फिरणारा पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, कारंजं आणि सेल्फी पॉइंट एवढं होतं. ओढ्याकडचं फाटक कायमचं बंद.

घरच्या चौथ्या प्रश्नाची उत्तरं आयांनी दिली. 'दुपारी कामातून मोकळी होते, तेव्हा बाग बंद असते.' 'लहानग्याला घेऊन गेले तर स्वच्छतागृह उघडं नसतं.' एका आजींनी नातीला लिहून घ्यायला सांगितलं, 'पायऱ्या आहेत, धरायला काही नाही.'

आजोबांचं आणि मुलांचं भांडण

बैठकीला आम्ही बागेत नेहमी येणाऱ्या पाच-सहा ज्येष्ठांना शाळेत बोलावलं. चहा ठेवला. पहिली पाच मिनिटं छान गेली. मग एक आजोबा म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण चेंडू बंदच करायला हवा. मागल्या महिन्यात माझ्या चष्म्यावर लागला."

मुलं गप्प. मी मध्ये बोलणार होते, तेवढ्यात एकाने हात वर केला. "आजोबा, तुम्ही किती वाजता येता?"

"सहाला."

"आम्ही पाचला येतो. तुम्ही आलात की आम्ही मऊ चेंडूने खेळलो तर?"

आजोबा थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि त्या कोपऱ्यातल्या बाकाकडे मारायचा नाही."

एवढ्यावर मिटलं. सगळं सुटलं असं म्हणणार नाही, पुढेही कुरबुरी झाल्या. पण ज्यांच्यात भांडण आहे त्यांना एका खोलीत बसवलं तर निम्मं काम वेळापत्रकाने होतं, बांधकाम करावं लागत नाही. 'लोकांना विचारा' म्हटलं की आपण मागण्यांची यादी करतो. याद्या मात्र एकमेकींच्या विरोधात जातात. एकाला शांतता हवी, दुसऱ्याला खेळ, तिसऱ्याला गाडी लावायला जागा. म्हणून विचारण्याच्या पुढची पायरी म्हणजे एकमेकांचं ऐकणं. तीही वर्गात शिकवता येते.

पत्र दिलं, आणि मी पुन्हा चुकले

आमच्या पत्रात तीनच मागण्या होत्या. वर्गाने मतदान करून निवडल्या होत्या. एक, स्वच्छतागृह बागेच्या वेळेत उघडं असावं. दोन, वळणावरचा दिवा सुरू करावा. तीन, ओढ्याकडचं फाटक दिवसा उघडावं आणि ती वाट मातीचीच ठेवावी. सोबत आलेख आणि टिकल्यांचा एक नकाशा जोडला. चार मुलं आणि मी पत्र देऊन पोच घेऊन आलो. शिक्का बसला तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते.

मग सहामाही परीक्षा आली, निकालपत्रकं आली, ऑनलाइन माहिती भरण्याची कामं आली. मी विसरले. मला वाटलं, पाठ तर झाला.

जानेवारीत एका मुलाने प्रार्थनेनंतर विचारलं, "बाई, आपल्या कागदाचं काय झालं?" मला सांगता येईना. तो पुढे म्हणाला, "त्यांनी वाचलाच नसंल."

हे वाक्य मला लागलं. आपण मुलांना विचारलं, त्यांनी मेहनत घेतली आणि उत्तर काहीच नाही. अशाने मूल काय शिकतं? विचारणं हे नाटक असतं, हे शिकतं. मग मोठं झाल्यावर तेच मूल म्हणतं, 'कशाला अर्ज करायचा, काही होत नाही.' मी चित्रस्पर्धा घेऊन केलेली चूक आता वेगळ्या कपड्यांत परत आली होती.

दुसऱ्याच दिवशी पोच घेऊन आम्ही चौकशीला गेलो. तीन फेऱ्या झाल्या. शेवटी उत्तर मिळालं. स्वच्छतागृहाची किल्ली वॉचमनकडे दिली, ते आता बागेच्या वेळेत उघडं असतं. दिवा दुसऱ्या विभागाकडे येतो, तिकडे वेगळा अर्ज करा, असं सांगितलं. तो अर्ज पालकांनी केला आणि दिवा लागला. फाटक मात्र सुरक्षेच्या कारणाने उघडता येणार नाही, असं कळलं. सेल्फी पॉइंट झालाच!

तिन्ही उत्तरं मी वर्गाच्या फलकावर लिहिली. 'झालं', 'झालं, पण वेगळ्या दारातून', 'नाही, कारण सुरक्षा'. तिसऱ्यावर मुलं नाराज झाली. पण एक जण म्हणाली, "निदान का नाही ते तरी कळलं." पुढच्या वर्षीच्या वर्गाने तो फलक पुसू दिला नाही. त्यांनी 'सुरक्षा' या शब्दाखाली लिहिलं, 'दिवसा वॉचमन आहे ना?' आणि तिथून त्यांचं पत्र सुरू झालं.

मूल्यमापन

या पाठाला वेगळी चाचणी लागत नाही. मी पुढील नोंदी ठेवते :
• नकाशात दिशा, सूची आणि अंतर दाखवता येतं का?
• मोजमाप अचूक घेतं का, तक्त्यात नीट मांडतं का?
• दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगतं का? (आजोबांची बाजू मुलाने सांगायची आणि मुलांची बाजू मुलीने.)
• मागणीला कारण आणि पुरावा जोडतं का?

स्वाध्यायासाठी प्रश्न :
१. तुमच्या घरातलं कोण बागेत जात नाही? त्यांना कारण विचारून लिहा.
२. घरापासून शाळेपर्यंत तुम्हाला आवडणारी आणि न आवडणारी एकेक जागा कोणती? का?
३. एकच जागा आहे. लहान मुलांना खेळायचं आहे, आजींना बसायचं आहे. दिवसाचं वेळापत्रक तयार करा.
४. तुमच्या नगरपालिकेत बागेचं काम कोणता विभाग पाहतो, हे पालकांच्या मदतीने शोधा.

पालकांसाठी दोन शब्द

रविवारी मुलाबरोबर घरापासून बागेपर्यंत एकदा चालत जा, गाडी नको. वाटेत त्याला पुढे चालू द्या आणि तुम्ही मागून बघा, ते कुठे थबकतं, कुठे तुमचा हात धरतं. एवढी पाहणी कोणत्याही सर्वेक्षणाइतकी उपयोगाची आहे. तुमच्या शहरात अंदाजपत्रकासाठी सूचना मागवत असतील किंवा आराखड्यावर हरकती मागवल्या असतील, तर अर्ज भरताना मुलाला शेजारी बसवा. त्याचं एक वाक्य त्यात येऊ द्या.

आणि शिक्षकांसाठी एकच विनंती

हा पाठ घ्यायचा असेल तर आठव्या तासिकेनंतर नववी तासिका आत्ताच वेळापत्रकात लिहून ठेवा : 'उत्तर सांगणे'. पत्राला एक महिना झाल्यावरची तारीख टाका. उत्तर आलं तर ते वाचून दाखवा, 'नाही' आलं तर 'नाही' वाचून दाखवा. काहीच आलं नसेल तर 'अजून आलं नाही, आपण परत विचारायला जातोय' एवढं तरी सांगा. मी ही तासिका पहिल्या वेळी ठेवली नव्हती, म्हणून सांगते.

ती चित्राची बक्षीसवाली मुलगी आता दुसऱ्या शाळेत आहे. मध्यंतरी रस्त्यात भेटली. मी तिला सांगितलं की बागेतलं कुलूप निघालं. ती हसली आणि म्हणाली, "बाई, पण क्रिकेटवाले आहेतच की!"

तेव्हा पुढच्या वर्षीच्या वर्गाला काम शिल्लक आहे. तुमच्याही बागेत असेलच. टेप, खडू आणि टिकल्यांचं पाकीट घ्या आणि सुरुवात करा.